मॉल आधी कागदावर मरतो

शिकागोच्या दक्षिणेला हार्वी नावाचं छोटं शहर आहे. तिथे १९६६ मध्ये 'डिक्सी स्क्वेअर' हा मॉल उघडला आणि १९७८ मध्ये बंद पडला. पुढच्या वर्षी एका सिनेमाची मंडळी तिथे येऊन धडकली. त्यांनी रिकाम्या गाळ्यांत पुन्हा माल मांडला आणि पाठलागाच्या दृश्यासाठी मोटारी थेट मॉलच्या आतून पळवून काचांचा चुराडा केला. चित्रीकरण आटोपलं, मंडळी गेली, मॉल पुन्हा ओस पडला. तो पाडायला २०१२ साल उजाडावं लागलं. म्हणजे चालला बारा वर्षं आणि बंद अवस्थेत उभा राहिला त्याच्या जवळजवळ तिप्पट.

मॉल ओस का पडतात असं कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: ऑनलाइन खरेदी. पण १९७८ मध्ये कुठलं आलंय ऑनलाइन? फार मागे जायलाही नको. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा चार टक्क्यांच्याही आत होता, आणि तोवर तिथे 'डेड मॉल' हा शब्द चांगलाच रुळला होता. ऑनलाइनने धक्का दिला हे खरंच, पण तो आधीच कललेल्या भिंतीला दिला.

भिंत कशी कलली हे समजायला गिऱ्हाइकांची गर्दी मोजून भागत नाही, कागद बघावे लागतात. मॉल ही दिसायला इमारत असते. खरं पाहिलं तर ती भाडेकरार, कर्ज आणि करसवलती यांची चळत असते. आधी ती चळत ढासळते. छत गळायला लागतं ते बऱ्याच नंतर.

एका व्हिएन्नाकराचा आराखडा

आज आपण ज्याला मॉल म्हणतो त्याचा साचा व्हिक्टर ग्रूएन या वास्तुरचनाकाराने घातला. १९०३ मध्ये व्हिएन्नात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेत आला. १९५४ मध्ये त्याने डेट्रॉइटजवळ नॉर्थलँड हे खुल्या आभाळाखालचं बाजारकेंद्र उभारलं, आणि ८ ऑक्टोबर १९५६ रोजी मिनेसोटा राज्यातल्या एडायना इथे 'साउथडेल' सुरू झालं. पूर्णपणे छताखालचा, आत एकसारखं तापमान राखणारा, दोन मजली मॉल. मिनेसोटाचा हिवाळा हाडं गोठवणारा. बाहेर बर्फ आणि आत मात्र बारमाही वसंत ऋतू, झाडं, पक्ष्यांचा पिंजरा, हॅरी बर्तोयाची उंच धातुशिल्पं, बसायला बाकं. लोक नुसते बघायला लोटले.

ग्रूएनला दुकानांचा डबा बांधायचा नव्हता, त्याला गावाचा चौक हवा होता. मोटारीत बसून विखुरलेल्या उपनगरी लोकांना पायी हिंडायला, एकमेकांना भेटायला जागा मिळावी हा त्याचा हेतू. साउथडेलच्या मूळ आराखड्यात मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग आणि तळंसुद्धा होतं. त्यातला फक्त मॉल तेवढा त्याला हवा तसा उभा राहिला. भोवतालच्या जमिनीचा भाव वाढला आणि ती हवी तशी विकली गेली. उतारवयात ग्रूएनने जाहीरपणे या अपत्यांचं पितृत्व नाकारलं. तो व्हिएन्नाला परतला, तर तिथेही शहराबाहेर १९७६ मध्ये एक अवाढव्य शॉपिंग सेंटर उघडलेलं. दैव म्हणतात ते हेच असावं.

त्याच्या साच्यातल्या एका गोष्टीने मात्र पुढे फार छळलं. मॉल आत बघतो. सगळ्या दुकानांची तोंडं आतल्या वाटेकडे, आणि बाहेरच्या बाजूला कोऱ्या भिंती, माल उतरवण्याचे धक्के, कचऱ्याच्या पेट्या. रस्त्याशी त्याचं काही नातं नसतं. चलती असते तोवर हे कुणाच्या डोळ्यांत येत नाही. वाईट दिवस आले की कळतं, या इमारतीला शेजारच नाही. रस्त्यावरचं एखादं दुकान बंद पडलं तर बाजूच्या दुकानांमुळे तो रस्ता जागा राहतो. मॉलला जागा ठेवणारं बाहेर कुणीच नसतं.

गिऱ्हाईक नसताना इतके मॉल बांधले कुणी?

इथे एक रूक्ष शब्द आणावा लागतो: घसारा. इमारत दरवर्षी थोडी जुनी होते, तिची किंमत थोडी झिजते, असं हिशेबात धरायची मुभा असते. ही झीज खर्च म्हणून दाखवता येते आणि तेवढा कर वाचतो. अमेरिकेत १९५४ पर्यंत साधारण पद्धत अशी होती की इमारतीचं आयुष्य चाळीस वर्षांच्या आसपास धरायचं आणि दरवर्षी सारखाच घसारा लावायचा. १९५४ च्या कर कायद्याने नव्या व्यापारी बांधकामांना पहिल्या काही वर्षांतच भरभक्कम घसारा काढून घ्यायची सवलत दिली.

याचा व्यवहारातला अर्थ असा. मॉल प्रत्यक्षात भाडं कमावतोय, पण कागदावर तोट्यात आहे. तो कागदी तोटा मालकाच्या दुसऱ्या उत्पन्नातून वजा होतो आणि तिथला करही वाचतो. काही वर्षांत घसाऱ्याचा रस निघून गेला की मॉल विकायचा आणि त्या पैशांत नवा बांधायला घ्यायचा. जुना मॉल नीट राखण्यापेक्षा नवा बांधणं जास्त किफायतशीर, आणि शहराच्या मधल्या जुन्या इमारतीला हा फायदा तेवढा नाही. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, आंतरराज्य महामार्गांचा कायदा आला. शहराबाहेर जमीन स्वस्त, रस्ता सरकारी खर्चाने आणि बांधकामाला करसवलत. मग काय, भराभर मॉल उठले. तिथे पुरेशी माणसं राहतात का, हा प्रश्न मागे पडला.

१९८६ च्या करसुधारणेने या कागदी तोट्यांना बराच लगाम घातला. तोवर एकाच गिऱ्हाइकासाठी झगडणारे दोन-दोन, तीन-तीन मॉल शेजारी शेजारी उभे राहून चुकले होते. त्यातला एक पडणार हे बांधतानाच ठरल्यासारखं होतं. कोणता, एवढंच बाकी होतं.

करसवलत नसली तरी नुसत्या फाजील आत्मविश्वासावरही असं घडतं. चीनमधल्या डोंगग्वान इथला 'न्यू साउथ चायना मॉल' २००५ मध्ये उघडला. दोन हजारांहून जास्त दुकानं मावतील एवढा अवाढव्य, आत कालवे आणि परदेशी शहरांच्या प्रतिकृती. जवळपास दहा वर्षं तो रिकामाच होता. पुढे परिसरातली वस्ती आणि वाहतूक वाढली, डागडुजी झाली आणि २०१० च्या दशकाच्या शेवटी तो बऱ्यापैकी भरला. तेव्हा रिकामा मॉल म्हणजे मेलेलाच, असंही नाही. कधीकधी तो नुसता फार लवकर आलेला असतो.

घर फिरलं की वासेही फिरतात

आता मुख्य यंत्रणेकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

मॉलच्या टोकांना एकेक भलं मोठं डिपार्टमेंट स्टोअर असतं. त्याला अँकर म्हणतात. सिअर्स, जेसी पेनी, मेसीज ही अमेरिकेतली जुनी अँकर नावं. लोक अँकरसाठी घरातून निघतात, आणि एका अँकरपासून दुसऱ्यापर्यंत चालत जाताना मधल्या छोट्या दुकानांत खर्च करतात. म्हणून अँकरला जागा नाममात्र भाड्याने मिळते. बऱ्याचदा तर अँकरची इमारत आणि तिच्याभोवतीचं पार्किंग अँकरच्याच मालकीचं असतं. मॉलचालकाची कमाई होते ती मधल्या छोट्या गाळ्यांतून. तिथे चौरस फुटाला भाडं जबर, शिवाय विक्री ठराविक आकड्यापुढे गेली की तिच्यातही टक्केवारी, शिवाय सामायिक देखभालीचा खर्च वाटून.

छोटा गाळेधारक इतकं भाडं द्यायला तयार होतो तो अँकरच्या भरवशावर, आणि तो भरवसा तो करारात लिहून घेतो. या कलमाला को-टेनन्सी म्हणतात. मसुदा कराराकरारांत वेगळा, पण आशय साधारण असा: अमुक अँकर चालू असेल आणि मॉलमधले अमुक टक्के गाळे भरलेले असतील तोवरच पूर्ण भाडं. अँकर बंद पडला तर ठराविक भाड्याऐवजी फक्त विक्रीतला थोडा टक्का. आणि सहा महिन्यांत किंवा वर्षभरात दुसरा अँकर आला नाही, तर दंड न भरता गाळा सोडायची मोकळीक.

आता साखळी जुळवून बघा. एक अँकर जातो. त्याच्याकडून भाडं नाहीच म्हणण्याइतकं येत होतं, म्हणून मालकाचं थेट नुकसान मामुली. पण त्याच दिवशी त्या बाजूच्या दहा-वीस गाळ्यांचं भाडं कलमाप्रमाणे निम्म्यावर येतं. त्यातले काही जण वर्षाच्या शेवटी गाळा सोडतात. त्यांच्या जाण्याने भरलेल्या गाळ्यांचा टक्का घसरतो, आणि मग मॉलच्या दुसऱ्या टोकाला, जिथला अँकर अजून ठणठणीत आहे, तिथल्या दुकानांचीही तीच कलमं जागी होतात. एकाही गिऱ्हाइकाने पाठ फिरवलेली नसताना मॉल निम्मा रिकामा होऊ शकतो. जी कलमं दुकानदाराला वाचवायला लिहिली, तीच मॉलला बुडवतात.

सामायिक खर्चाचंही तसंच. वातानुकूलन, सुरक्षारक्षक, सफाई, दिवे यांचा खर्च गाळे कमी झाले म्हणून कमी होत नाही. उरलेल्यांवर जास्त लादला तर ते पळतात. म्हणून खड्डा मालकाच्या खिशाला. मग मालक काटकसर सुरू करतो, आणि ती कुठे दिसते हे एकदा माहीत झालं की नजर आपोआप तिकडे जाते. कारंजं बंद होतं आणि त्याच्या हौदात माती भरून कुंड्या ठेवल्या जातात. सरकते जिने 'दुरुस्तीसाठी' थांबतात ते थांबतातच. रिकाम्या गाळ्यांसमोर प्लास्टरबोर्ड उभा राहतो आणि त्यावर हसऱ्या माणसांचं चित्र चिकटतं. एखाद्या बाजूचे निम्मे दिवे काढून घेतले जातात. मोठ्या ब्रँडच्या जागी महिन्याच्या बोलीवर बसलेली दुकानं दिसू लागतात.

अँकर का जातात, तर त्याचंही उत्तर नेहमी गिऱ्हाइकात नसतं. २००५ मध्ये मेसीजच्या मालक कंपनीने मे डिपार्टमेंट स्टोअर्स ही मोठी प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली, आणि २००६ मध्ये तिच्या शेकडो दुकानांवर मेसीजची पाटी चढली. शिकागोचं मार्शल फील्ड्ससारखं नावाजलेलं नावही त्यात पुसलं गेलं. कित्येक मॉलच्या दोन टोकांना आता एकाच कंपनीची दोन दुकानं झाली. एकाच छताखाली स्वतःशीच स्पर्धा कोण करेल? एक बंद झालं. तिथून पुढे वर सांगितलेली साखळी आपोआप सुटली. सिअर्सने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, जेसी पेनीने २०२० मध्ये. तोवर कित्येक मॉलमध्ये पडायला फार काही उरलंही नव्हतं.

आणखी एक कागद यात अडसर घालतो. अँकर आणि मॉलमालक यांच्यात परस्पर हक्कांचा करार असतो: पार्किंग कुणी किती वापरायचं, इमारतीची उंची किती, दर्शनी बाजू झाकायची नाही, वगैरे. तो कित्येक दशकांसाठी असतो. त्यामुळे मालकाला पार्किंगच्या कोपऱ्यात चार मजली घरं बांधून मॉल सावरायचा विचार सुचला तरी एकेका अँकरची सही लागते. बंद पडलेल्या अँकरचीसुद्धा! कारण दुकान बंद झालं तरी त्याची मालकी जिवंत असते, आणि सहीची किंमत काय लावायची हे तो ठरवतो.

शंभराचे पाचशे

कर्जाचं गणित एकदा आकड्यांत करून पाहिलं की सगळा प्रकार स्वच्छ होतो. समजा, खर्च वजा जाता मॉलला वर्षाला १०० मिळतात. बरे दिवस आहेत, गुंतवणूकदार सात टक्के परताव्यावर खूश आहे. म्हणजे मॉलची किंमत १०० भागिले ०.०७, साधारण १,४३०. या किमतीवर मालक १,००० चं कर्ज काढतो. अशा कर्जांत बहुतेक वेळा दहा वर्षं मुख्यतः व्याज भरायचं आणि शेवटी मुद्दलाचा मोठा हिस्सा एकदम फेडायचा असतो. फेडायचा म्हणजे नवं कर्ज काढून जुनं मिटवायचं.

आता उत्पन्न १०० चं ६० झालं. घट चाळीस टक्क्यांची. पण पडझड बघून खरेदीदारही सावध झाला, त्याला आता बारा टक्के परतावा हवा. ६० भागिले ०.१२, म्हणजे ५००. उत्पन्न निम्म्यावरही आलेलं नाही आणि किंमत मात्र एक तृतीयांश झाली. १,००० चं कर्ज मिटवायला ५०० च्या मालमत्तेवर नवं कर्ज कोण देईल?

अमेरिकेत अशी व्यापारी कर्जं बहुधा त्या मालमत्तेपुरती असतात. मालकाच्या बाकीच्या संपत्तीला हात लावता येत नाही. म्हणून मोठ्या कंपन्या सरळ किल्ल्या धनकोच्या हातात ठेवतात आणि मोकळ्या होतात. धनकोला मॉल चालवायचा नसतो. तो मिळेल त्या भावाला विकतो, आणि घेणारा असा कुणी असतो ज्याला एक पैसाही न लावता उरलेलं भाडं चार-पाच वर्षं ओरबाडायचं असतं. त्या काळात छताची दुरुस्ती होत नाही. किंमत उतरली की मालमत्ता करही उतरतो, आणि ज्या गावाच्या शाळा त्या करावर चालतात त्या गावाच्या ताटातलं कमी होतं. हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. मॉल पाडायला पैसे लागतात आणि तेही शेवटी त्याच गावाकडे मागितले जातात.

छत गेलं की संपलं

मॉलचं छत सपाट आणि प्रचंड असतं. पाणी अडवण्याचं काम वरच्या पातळ थराचं, आणि तो थर दर पंधरा-वीस-पंचवीस वर्षांनी नव्याने घालावा लागतो. तो खर्च टळला की पाणी शिरतं. वातानुकूलन बंद झालं की आतली दमट हवा कोंडते आणि भिंतींच्या जिप्सम बोर्डाला बुरशी धरते. उघडायला खिडकी एकही नाही. त्यात तांब्याच्या तारा आणि नळ चोरणारे येतात, आणि त्यांच्यानंतर इमारत पुन्हा सुरू करणं म्हणजे सगळं नव्याने घालणं.

ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन इथला रोलिंग एकर्स मॉल १९७५ मध्ये उघडला, २००८ मध्ये बंद झाला. त्याच्या फुटलेल्या काचेच्या छतातून आत पडलेल्या बर्फाची छायाचित्रं जगभर फिरली: सरकते जिने, दोन्ही बाजूंना मजले आणि मधोमध पांढरा शुभ्र ढीग. बँकॉकच्या न्यू वर्ल्ड मॉलची तऱ्हा आणखी वेगळी. परवानगी चार मजल्यांची, बांधले अकरा. १९९७ मध्ये तो बंद झाला. पुढे वरचे मजले उतरवले, छत गेलं आणि तळमजल्यावर पावसाचं पाणी साचून राहिलं. डास फार झाले म्हणून आसपासच्या लोकांनी त्यात मासे सोडले. मासे इतके वाढले की २०१५ मध्ये शहर प्रशासनाने पाणी उपसण्यापूर्वी हजारो मासे बाहेर काढले. छायाचित्रं बघायला सुरेख आहेत, पण शेजारी राहणाऱ्यांना ती इमारत सुरेख वाटत नव्हती, एवढं लक्षात ठेवावं. ओसाड मॉलच्या फोटोंवर हळहळणाऱ्यांत मीही आहे. तरी त्या हळहळीला शेजार नसतो हे खरं.

अशा इमारतींच्या बाहेरच्या भिंती वाचण्यासारख्या असतात. पाटीची अक्षरं काढून नेली तरी त्यांच्यामागचा रंग उन्हाने उडालेला नसतो, आणि कडांना धुळीचे ओघळ सुकलेले असतात. त्यामुळे नाव अगदी टाइपासकट ओळखू येतं. याला लेबलस्कार म्हणतात. कधी एकावर एक दोन नावं दिसतात: खालचं आधी विकत घेतल्या गेलेल्या कंपनीचं, वरचं विकत घेणारीचं. २००६ ची सगळी कहाणी एका भिंतीवर.

मग या डब्याचं करायचं काय?

'घरं बांधा' हे सगळ्यांच्या तोंडी असतं. पण राहत्या घराला उजेड लागतो. खिडकीपासून आठ-दहा मीटरपलीकडे खोली अंधारीच. मॉलमधल्या अँकरचा मजला त्याच्या कितीतरी पट खोल आणि बिनखिडक्यांचा. त्याची घरं करायची तर मधून कापून चौक काढावा लागतो, आणि मग पाडून बांधलेलं स्वस्त पडतं.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतल्याच प्रॉव्हिडन्स शहरात आहे. तिथलं 'द आर्केड' १८२८ चं. दोन रस्त्यांना जोडणारी छताखालची अरुंद गल्ली, दोन्ही टोकांना ग्रॅनाइटचे खांब, वर काचेचं छत, तीन मजले. तेही दुकानदारीत डबघाईला येऊन २००८ मध्ये बंद झालं होतं. २०१३ मध्ये ते पुन्हा उघडलं: खाली दुकानं, वरच्या दोन मजल्यांवर ४८ इवलीशी घरं. जमलं, कारण इमारत अरुंद आहे, उजेड वरून आणि बाजूंनी येतो, आणि दोन्ही तोंडं रस्त्यावर उघडतात. लंडनची बर्लिंग्टन आर्केड १८१९ ची, मिलानची गॅलेरिया १८६७ मध्ये उघडली, मॉस्कोचं गुम १८९३ चं. तिन्ही आजही गजबजलेली आहेत. ग्रूएनच्या मॉलचे हे पणजोबा. त्यांच्यापाशी एकच गोष्ट जास्त होती: शहर.

मॉलपाशी शहर नसतं, पण जमीन भरपूर असते. अमेरिकेत जुन्या नियमांप्रमाणे १,००० चौरस फूट दुकानामागे चार-पाच मोटारींची जागा सोडायची पद्धत होती. एका मोटारीला वळायच्या वाटेसकट ३०० ते ३५० चौरस फूट लागतात. म्हणजे दुकानाच्या सव्वा ते पावणेदोन पट डांबर, आणि तेही वर्षातल्या सणासुदीच्या थोड्या तासांच्या गर्दीवर बेतलेलं. बाकीचं वर्ष ते मोकळंच. जुन्या मॉलचं खरं धन हेच. रस्ते, वीज, पाणी, सांडपाणी सगळं आलेलं, आणि मालक एक.

इमारत ठेवून वापरायची तर ज्यांना खिडकी लागत नाही आणि पार्किंग लागतं ते लोक शोधावे लागतात. नॅशव्हिलमधल्या वन हंड्रेड ओक्स मॉलचा वरचा मजला २००९ पासून व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने दवाखान्यांसाठी घेतला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दारापाशी गाडी लावता येणं ही मोठी सोय. ऑस्टिनमध्ये १९७१ चा हायलँड मॉल कम्युनिटी कॉलेजने टप्प्याटप्प्याने विकत घेतला, आणि २०१४ मध्ये जुन्या जेसी पेनीच्या जागेत शेकडो संगणकांची अभ्यासिका उघडली. व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनमध्ये तर शाळेच्या इमारतीत विषारी रसायनं सापडल्यावर २०२१ मध्ये अख्खी हायस्कूलची शाळा बंद पडलेल्या मेसीजमध्ये हलवली. मुलं सरकत्या जिन्याने वर्गात जात. वर्गांच्या भिंती छतापर्यंत पोचत नव्हत्या, त्यामुळे शेजारच्या वर्गाचा धडाही ऐकू यायचा.

आणि गोदामं? रोलिंग एकर्सच्या जागी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनचं केंद्र सुरू झालं. लोकांना यात काव्यात्म न्याय दिसतो. मला त्यात फक्त जमीन दिसते. मॉलची इमारत गोदामाला उपयोगी नव्हतीच, ती पाडली गेली. उपयोगी होता तो एका मालकीचा सपाट, मोठा तुकडा आणि महामार्गाची जवळीक.

जुनं म्हणून काय जपायचं

व्यापारी इमारतींना वारसा मानायला आपण कचरतो. देवळं, राजवाडे, सरकारी कचेऱ्या जपायच्या. दुकान काय, आज आहे उद्या नाही. अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत इमारत यायला साधारणपणे ती पन्नास वर्षांची असावी लागते. सत्तरच्या दशकातले मॉल आत्ता कुठे त्या वयाला पोचताहेत, आणि तोवर दोन-तीनदा नूतनीकरण होऊन त्यांची मूळ फरशी, लाकडी कठडे, जमिनीत खोल केलेल्या बैठका आणि कारंजी उखडली गेलेली असतात. व्यापारी इमारतीचा शत्रू नुसती मंदी नसते. तेजीसुद्धा तिला तितकीच पुसते.

कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथलं मॅकडॉनल्ड्स याला अपवाद ठरलं. १९५३ चं, स्टॅन्ली मेस्टनने आखलेलं, छताला दोन पिवळ्या कमानी आरपार गेलेल्या. त्या काळी रस्त्यावरच्या दुकानांत तिरपी छतं आणि निऑनचे दिवे यांची 'गूगी' म्हटली जाणारी शैली बोकाळली होती. जॉन लॉटनरने १९४९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये उभारलेल्या गूगीज या कॉफी शॉपवरून ते नाव पडलं. ते कॉफी शॉप १९८९ मध्ये पाडलं गेलं. डाउनीचं दुकान टिकलं ते कुणाच्या रसिकतेमुळे नव्हे. त्याचा परवाना मूळ मॅकडॉनल्ड बंधूंशी झालेला होता, पुढे साखळी चालवणाऱ्या कंपनीशी नव्हे. म्हणून ठरावीक वर्षांनी दर्शनी भाग बदलायची अट त्याला लागू नव्हती. १९९४ च्या भूकंपानंतर ते बंद पडलं, पाडायची भाषा झाली, लोकांनी आवाज उठवला, आणि १९९६ मध्ये ते दुरुस्त होऊन उघडलं. कागद इमारत मारतो तसा वाचवतोही.

अमेरिकेतल्याच 'बेस्ट' नावाच्या साखळीच्या दुकानांना असा कागद नव्हता. साइट या वास्तुरचनाकारांच्या संस्थेने सत्तरच्या दशकात त्यांच्यासाठी थट्टेखोर दर्शनी भाग रचले होते. ह्यूस्टनला १९७५ मध्ये तर कोसळल्यासारखी दिसणारी विटांची भिंत. कंपनी बुडाली आणि पुढच्या मालकांनी त्या भिंती सरळ करून टाकल्या. व्हर्जिनियातलं एक मात्र उरलं, ज्याच्या भिंतींमधून खरी झाडं वाढतात. तिथे आता चर्च भरतं.

सिंगापूरचा पेच सगळ्यांत अवघड होता. १९७३ चं गोल्डन माइल कॉम्प्लेक्स म्हणजे दुकानं, कचेऱ्या आणि घरं एकाच पायऱ्यापायऱ्यांच्या उतरत्या इमारतीत, आणि प्रत्येक गाळ्याचा मालक वेगळा. अशा इमारतीत छताच्या दुरुस्तीवरही एकमत होत नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे दहा वर्षांहून जुनी इमारत एकगठ्ठा विकायला ऐंशी टक्के मालकीची संमती लागते. ती मिळाली की घेणारा पाडून नवं बांधतो. इथे सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये मुख्य इमारत संरक्षित ठरवली, आणि बदल्यात घेणाऱ्याला त्याच आवारात जास्तीचं बांधकाम आणि नवा मनोरा उभारायची मुभा दिली. २०२२ मध्ये ती ७० कोटी सिंगापूर डॉलरना विकली गेली. न पाडताही व्यवहार होऊ शकतो हे त्यातून दिसलं, आणि आता इतर शहरांतले नियोजनकार त्या सवलतींचा हिशेब मांडतात. पण संरक्षण मिळालं ते काँक्रीटला. तळमजल्यावर थाई लोकांची किराणा दुकानं, खानावळी आणि बसची तिकीटघरं होती, ज्यांच्यामुळे ती जागा 'लिटल थायलंड' म्हणून ओळखली जायची. त्यांना मे २०२३ पर्यंत जागा खाली करून द्यावी लागली. नूतनीकरण झालेल्या इमारतीतलं भाडं त्यांच्यातल्या किती जणांना झेपेल, हे संरक्षणाच्या आदेशात लिहिलेलं नसतं.